घरात माणसं किती?

वाचकहो, हा प्रसंग तुमच्याच घरातला आहे. दुपारची वेळ. सोयाबीनची रास नुकतीच घरात येऊन पडलेली. घरचे कर्ते मोंढ्यात भाव विचारायला निलंग्याला गेलेले, सासूबाई ओसरीवर उडीद निवडत बसलेल्या, सून परसात भांडी घासते आहे. तेवढ्यात दारातून हाक येते, "आहात का घरात, मावशी?" गावातलीच आशाताई. काखेत रजिस्टर, हातात मोबाइल. ती टेकते, पाणी पिते आणि विचारते, "मावशी, घरात माणसं किती?"

"तुला काय माहीत नाही का गं? तूच मोज की," मावशी म्हणतात, आणि दोघी हसतात.

हसण्यावारी जाणारा हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. थोरला मुलगा पुण्याकडे कारखान्यात. पंचमीला आणि दिवाळीला येतो. तो या घरातला धरायचा की पुण्यातला? लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. ती इथली की सासरची? भावाभावांचे पटेना म्हणून एकाच वाड्यात दोन चुली झाल्या. मग घर एक की दोन? मोजणी करणाऱ्यांनी यातल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर चुलीवर सोडले आहे. एका चुलीवर ज्यांचा स्वयंपाक होतो ते एक कुटुंब, मग वर माळवद एक असो की मध्ये भिंत घातलेली असो. म्हणजे आपल्या बायाबापड्यांचाच हिशोब सरकारने उचलला म्हणायचा. बाकीच्यांबद्दल मग पुढचे प्रश्न येतात: कधीपासून गेला, कधी येणार, कुठे राहतो. अशा वेळी आपल्याला वाटते, या बाईला एवढ्या चौकशा कशाला?

पुढे वयाची पाळी येते. "मावशी, तुमचं वय?" "असंल साठ-सत्तर." साठ आणि सत्तर यांत दहा वर्षांचे अंतर आहे हे मावशींच्या गावीही नाही. तिथे जुनी माणसे मोजणाऱ्याला वाट दाखवतात. आपला निलंगा तालुका हैदराबाद संस्थानात, बीदर जिल्ह्यात होता. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाली आणि निजामाचे राज्य गेले. १९५६ साली भाषेप्रमाणे राज्ये लावताना आपण उस्मानाबाद जिल्ह्यात आलो. १९७२ चा दुष्काळ तर सगळ्यांच्या अंगावर कोरलेला आहे. १६ ऑगस्ट १९८२ ला लातूर जिल्हा वेगळा झाला, आणि ३० सप्टेंबर १९९३ ला भूकंप. "बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही खडी फोडायला होता का, मावशी?" "होते की. लगीन झालं त्याच साली. सुकडी खाल्लेली आठवते." "लग्नात केवढ्या होतात?" "असंल पंधरा-सोळाची." झाले, वय निघाले. जन्मसाल १९५६-५७ च्या सुमाराचे. जगात जिथे जिथे जन्मतारखा लिहून ठेवण्याची चाल नव्हती, तिथे तिथे मोजणी करणारे त्या भागातल्या दुष्काळांची, पुरांची, राजे बदलल्याची अशी यादी आधी करून घेतात. हा काही आडाणीपणा नाही. ही मान्य झालेली रीत आहे.

इथपर्यंत सगळे हसतखेळत चालते. मग आशाताई आवाज जरा खाली आणते आणि सुनेकडे वळते. "वहिनी, झालेली लेकरं किती?" सून म्हणते, "दोन." सासूबाई उडदातून मान वर काढत नाहीत.

जे पाळण्यात आलेच नाही

दोन नव्हे, तीन झाली होती. मधले एक रात्री झाले, थोडे कण्हले, आणि उजाडायच्या आत गेले. बारसे नाही, नाव नाही, पाळणा बांधलाच नाही. अशा बाळाला आपल्याकडे मोजत नाहीत. त्याचे दुःख नसते असे नाही, पण ते बोलून दाखवायचे नसते. घरात विषय काढायचा नाही, पुढच्या बाळाला दृष्ट लागते, सुनेला बोल लागतो. आणि म्हणून ते बाळ कुठल्याच वहीत येत नाही.

वाचकहो, आजचा सगळा लेख या न मोजलेल्या बाळासाठी लिहिला आहे असे समजा.

गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली 'सर्च' ही संस्था काढून काम सुरू केले. पहिली गोष्ट त्यांनी काय केली असेल, तर मोजले. गावोगाव माणसे नेमून जन्म किती झाले, मृत्यू किती झाले, कोणत्या वयात, कशाने, हे घरोघर विचारून लिहून घेतले. त्यात दिसले, की गेलेल्या तान्ह्या बाळांतली बरीचशी जन्मापासूनच्या पहिल्या २८ दिवसांतच जातात. त्यातही पहिला आठवडा फार वाईट. १९९३ ते १९९५ या काळात त्या गावांत जन्मलेल्या दर हजार बाळांमागे ६२ बाळे महिन्याच्या आत जात होती. हा आकडा वहीत दिसला तेव्हा प्रश्न पडला: या दिवसांत त्या बाळाकडे पाहायला घरी येतो कोण? नर्सबाई येत नाहीत, डॉक्टर लांब, आणि बाळंतीण तर खोलीबाहेर पडत नाही. मग गावातल्याच थोड्याफार शिकलेल्या बायांना शिकवले. बाळाचे वजन करणे, ऊब देणे, श्वास मोजणे, जंतुदोष ओळखणे आणि वेळ पडली तर इंजेक्शन देणे. त्यांना तिथे आरोग्यदूत म्हणतात. ३९ गावांत हे काम १९९५ पासून चालू झाले, आणि तिसऱ्या वर्षी ६२ चा आकडा २५ च्या आसपास आला. शेजारच्या ४७ गावांत असे काम नव्हते. तिथे आकडा ६० च्या घरातच राहिला. १९९९ साली इंग्लंडच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आले आणि जगाने त्याची दखल घेतली.

आता तुम्ही म्हणाल, हे गडचिरोलीचे झाले, निलंग्याशी याचा काय संबंध? संबंध असा, की तुमच्या दारात बसलेली आशाताई बाळंतपणानंतर जी घरी येते, दवाखान्यात बाळ झाले असेल तर सहा वेळा आणि घरी झाले असेल तर सात वेळा, ते येणे त्याच कामातून निघाले. २०११ पासून देशभर आशांना हे काम दिले गेले. म्हणजे त्या रानातल्या आयांनी आपली नाव नसलेली बाळे लिहून दिली, म्हणून आज तुमच्या नातवाचे वजन करायला कोणी तरी येते.

त्यातही एक बारकावा सांगण्यासारखा आहे. बाळ पोटातच गेले, की जन्मून मग गेले, हे वेगळे लिहावे लागते. कारण दोन्हींची कारणे वेगळी, उपाय वेगळा. म्हणून आशाताई विचारते, "रडलं होतं का? हातपाय हलवले का? श्वास घेतला का?" ऐकणाऱ्याला हे प्रश्न निर्दय वाटतात. पण बाळ रडले नाही, निळे पडले असे कळले तर बाळंतपणाच्या वेळी श्वास सुरू करण्यात कमी पडलो हे कळते. चार दिवस प्याले आणि मग दूध सोडले असे कळले तर जंतुदोषाचा संशय येतो. एक प्रश्न सुईणीकडे जातो, दुसरा पुढच्या आठवड्याच्या भेटीकडे.

गडचिरोलीपुरतेच हे दुखणे नाही हे दाखवण्यासाठी राज्यातल्या १३ स्वयंसेवी संस्थांनी एकत्र येऊन आपापल्या भागात बालमृत्यू मोजले. खेडी होती, आदिवासी पाडे होते, शहरातल्या झोपडपट्ट्याही होत्या. २००१ साली त्याचा अहवाल 'कोवळी पानगळ' या नावाने निघाला. महाराष्ट्रात वर्षाला सुमारे पावणेदोन लाख बालके जात असावीत असा त्यांचा अंदाज होता, आणि सरकारी नोंदीत त्यातले बरेचसे मृत्यू नव्हतेच. विधानसभेत, वर्तमानपत्रांत त्यावर गदारोळ झाला. पुढच्या वीस वर्षांत बरीच सुधारणा झाली हेही सांगितले पाहिजे. केंद्र सरकारच्या नमुना नोंदणीप्रमाणे २०२० साली महाराष्ट्रात हजार जन्मांमागे वर्षाच्या आत जाणारी बाळे १६ होती, सगळ्या देशाची सरासरी २८. पण १६ म्हणजे शून्य नव्हे, आणि ते १६ कुठल्या गावात, कुठल्या वस्तीत जातात हे सरासरीत दिसत नाही. ते फक्त दारावर विचारूनच कळते.

दोन वह्यांचा हिशोब

कोणी विचारील, एकीने लिहून नेले तर पुन्हा सहा महिन्यांनी दुसरा माणूस तेच विचारायला का येतो? त्याचे उत्तर फार नामी आहे. १९७० पासून चालू असलेल्या सरकारच्या नमुना नोंदणीत मुद्दाम दोन वह्या ठेवतात. निवडलेल्या गावात एक जण वर्षभर जन्म-मृत्यू होतील तसे लिहीत जातो. दुसरा सहा महिन्यांनी येऊन पहिल्याची वही न पाहता घरोघर विचारतो. मग दोन्ही वह्या जुळवून पाहतात, आणि जे जुळत नाही त्यासाठी पुन्हा घर गाठतात.

समजा पहिल्याच्या वहीत ८० जन्म आहेत, दुसऱ्याच्या ७५, आणि दोन्हींत सापडले असे ६०. दुसऱ्याला सापडलेल्या ७५ पैकी ६० पहिल्याकडे आहेत, म्हणजे पहिला पाचातले चार पकडतो. मग त्याचे ८० हे खऱ्या आकड्याचे पाचातले चार असले पाहिजेत. खरा आकडा १००. दोन्ही वह्या मिळून नावे भरतात ९५. म्हणजे पाच बाळे अशी, की ती दोघांनाही कोणी सांगितली नाहीत, तरी ती होती हे आपल्याला कळले! हे गणित डॉ. सी. चंद्रशेखरन आणि अमेरिकेचे डेमिंग यांनी १९४९ साली मांडले, आणि त्यासाठी घरोघरची माहिती घेतली होती ती बंगालातल्या सिंगूरच्या खेड्यांतून. हेच चंद्रशेखरन पुढे मुंबईच्या लोकसंख्या शिक्षण केंद्राचे संचालक झाले. देवनारची ती संस्था आजही देशभरची कुटुंब आरोग्य पाहणी करते. डेमिंग यांचे नाव कारखानदारीत मोठे झाले. खेड्यातल्या न सांगितलेल्या बाळांशी त्यांचा असा संबंध होता हे फार थोड्यांना ठाऊक असते.

गणिताने आकडा कळतो. नाव कळत नाही, आणि ते बाळ का गेले हेही कळत नाही. ते सांगणारे घरच लागते.

मृत्यू फक्त तान्ह्यांचेच चुकतात असे नाही. शेतकऱ्याच्या जिवाशी थेट जोडलेली एक गोष्ट पाहा. सोयाबीन कापताना, रात्री मोटार चालू करायला जाताना, कडब्याच्या गंजीत हात घालताना साप चावतो. माणूस कधी मंदिरात नेतात, कधी मांत्रिकाकडे, कधी वाटेतच जातो. दवाखान्याच्या दारापर्यंत तो पोचलाच नाही, तर दवाखान्याच्या वहीत तो येणार कसा? सरकारी दवाखान्यांच्या हिशोबात साऱ्या देशातले सर्पदंशाचे मृत्यू वर्षाला दोन हजारांच्या आत दिसत असत. मग महानिबंधक कार्यालयाने आणि संशोधकांनी नमुना नोंदणीतल्या घरी जाऊन विचारले: माणूस कसा गेला, आधी काय झाले, कुठे नेला, किती वेळ लागला. नातेवाइकांनी सांगितलेली ही हकीगत दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे वाचून मृत्यूचे कारण ठरवले. २०११ साली निष्कर्ष छापला गेला. भारतात २००५ साली सापाच्या दंशाने सुमारे ४६ हजार माणसे गेली होती. शंभरातली ९७ खेड्यातली, आणि ७७ जणांनी दवाखान्याबाहेर प्राण सोडले. दोन हजार कुठे आणि ४६ हजार कुठे! सर्पदंशाची लस कुठल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किती ठेवायची, हा विचार मग कुठल्या आकड्यावर करायचा ते तुम्हीच ठरवा. कोणाच्या तरी दारात बसून कोणी तरी विचारले, आणि कोणी तरी रडत रडत का होईना, पण सांगितले, म्हणून हे कळले.

कुलूप लावलेली घरे

आता आपल्या भागातल्या मोठ्या अडचणीकडे येऊ. दसरा-दिवाळी झाली की कितीतरी दारांना कुलूप लागते. कोणी कोयता घेऊन साखर कारखान्यावर गेले, कोणी पुण्यात बांधकामावर, कोणी हैदराबादला, मुंबईला. गावात रजिस्टर घेऊन आलेली आशा दारावर "बाहेरगावी" असे लिहून पुढे जाते. तिकडे शहरात ती माणसे आजची उद्या नसतात, म्हणून तिथलीही वही त्यांना धरत नाही. माणूस दोन्ही ठिकाणचा, आणि मोजणीत कुठलाच नाही.

यावर एक तोड पुणे जिल्ह्यात निघाली. संभाजी महाराजांची समाधी असलेले वढू बुद्रुक तुम्हाला ऐकून माहीत असेल. तिथे पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाने डॉ. बानू कोयाजी यांच्या पुढाकाराने सत्तरच्या दशकात ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले. २००२ पासून त्या भागातल्या २२ गावांत प्रत्येक घराला क्रमांक, प्रत्येक माणसाला क्रमांक देऊन वर्षातून दोनदा घरोघर जाऊन नोंद होऊ लागली: कोण जन्मले, कोण गेले, कोण लग्न होऊन आले, कोण कामासाठी राहायला आले, कोण निघून गेले. सुरुवातीला ही गावे उसाची, ज्वारीची. पुढे शिक्रापूर, सणसवाडी, कोरेगाव भीमा या पट्ट्यात कारखाने उभे राहिले आणि भाड्याच्या खोल्या भरल्या. त्या खोल्यांत मराठवाड्यातली पोरे मोठ्या संख्येने आहेत. कदाचित तुमचाही पुतण्या तिथल्या एखाद्या वहीत असेल. येणाऱ्या-जाणाऱ्याची तारीख लिहिली जाते, त्यामुळे माणूस हलला तरी हिशोब तुटत नाही.

असे एका जागी वर्षानुवर्षे घरोघर मोजत राहणारी केंद्रे जगात बरीच आहेत. त्यांचे एक मंडळ १९९८ साली उभे राहिले, त्याचे मुख्य ठिकाण आफ्रिकेतल्या घानाची राजधानी आक्रा. वढूही त्यात होते. त्याच मंडळातले एक केंद्र केनिया देशात, नैरोबी शहराच्या झोपडपट्ट्यांत चालते. तिची गोष्ट आपल्या कामाची आहे.

केनियातल्या लोकांनाही आपल्यासारखेच वाटे, की शहर म्हणजे दवाखाने, शहर म्हणजे सोय. खेड्यातले लेकरू मरते, शहरातले वाचते. सरकारी पाहणीत नैरोबीचा आकडा चांगलाच दिसे. २००० साली तिथल्या एका आफ्रिकी संशोधन संस्थेने फक्त झोपडपट्ट्यांतली घरे वेगळी धरून विचारले. सगळ्या नैरोबीत हजारातली सुमारे ६२ बालके पाच वर्षांच्या आत जात होती, खेड्यांत सुमारे ११३, आणि झोपडपट्टीत १५१. शहरात जाऊन राहिलेल्या गरिबाचे लेकरू खेड्यातल्यापेक्षा जास्त जात होते! सरासरीच्या गोधडीखाली ते झाकले गेले होते. मग २००२ पासून कोरोगोचो आणि विवांदानी या दोन वस्त्यांत पत्र्याच्या एकेका खोलीला क्रमांक घालून वर्षातून तीनदा मोजणी चालू झाली. तिथली अडचणही आपल्यासारखीच. भाडे चुकले की बिऱ्हाड हलते, एका फेरीला असलेली खोली पुढच्या फेरीला पाडलेली असते, आणि माणूस मेला तर त्याला पुरायला मूळ गावी नेतात. शहराच्या नोंदीत तो मेलाच नाही. दक्षिण आफ्रिकेत अगिनकोर्ट नावाच्या ग्रामीण भागात १९९२ पासून अशीच मोजणी आहे. तिथे दिसले, की शहरात कामाला गेलेला माणूस आजार हाताबाहेर गेला की गावी परततो आणि तिथे प्राण सोडतो. कमाई शहराने घेतली, दुखणे गावाने. हे ऐकून आपल्या वेशीवरून परत आलेल्या कोणाकोणाची आठवण होते, ते तुम्हाला वेगळे सांगायला नको.

आणि ऊसतोडीच्या बायांचे काय? त्यांच्याबद्दल तर २०१९ पर्यंत फारसे कोणी मोजले नव्हते. बीडकडच्या गावांत पिशवी काढलेल्या तरण्या बाया फार, असे वर्तमानपत्रांत आले. कामावर खाडा पडला की दंड, पाळीच्या दिवसांत सोय नाही, दुखले की खासगी डॉक्टर कर्करोगाची भीती घालतो, मुकादमाची उचल अंगावर आहे. मग एकदाची पिशवीच काढून टाकली की झाले. आरोप-प्रत्यारोप झाले. कोणी म्हणाले हे अतिशयोक्त आहे. शेवटी विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि बीड जिल्ह्यात आरोग्य कर्मचाऱ्यांनी ८२,३०९ ऊसतोड बायांना विचारले. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. सहातली एक! वाद तिथेच मिटला. जिल्हा शल्यचिकित्सकाच्या परवानगीशिवाय हे ऑपरेशन करू नये असा बीडमध्ये आदेश निघाला, तोडीला जाण्याआधी आणि आल्यावर तपासणी व्हावी अशी समितीने शिफारस केली. या ८२ हजार बायांनी आपल्या पोटचे दुखणे परक्या माणसापुढे बोलून दाखवले, नवऱ्याच्या, सासूच्या देखत. ते किती जड गेले असेल याचा अंदाज पुरुष वाचकांनी एकदा घरात विचारून घ्यावा.

गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी त्याच्या तीस वर्षे आधी दोन गावांतल्या ६५० बायांची तपासणी केली होती. १०० पैकी ९२ जणींना स्त्रियांचे कुठले ना कुठले दुखणे होते, आणि पूर्वी कधी तपासून घेतलेल्या बाया होत्या फक्त ८. १९८९ साली ते छापून आले. तोवर खेड्यातल्या बाईचे दुखणे म्हणजे बाळंतपण, एवढेच सरकार धरून चालले होते.

विचारणाऱ्याला विचारा

मोजणीचे मोल आपल्या तालुक्याला कोणी शिकवावे असे नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या आत, गणपती बोळवून माणसे झोपलेली असताना शेजारच्या औसा तालुक्यातले किल्लारी आणि भोवतालची गावे माळवदांखाली गाडली गेली. सरकारी आकड्याप्रमाणे जवळजवळ आठ हजार माणसे गेली. नंतर मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने घरोघर पाहणी केली, आणि गेलेल्यांत बाया आणि लेकरे जास्त असल्याचे दिसले. मदतीचा, घराचा, वारसाचा सगळा प्रश्न त्या वेळी एकाच गोष्टीवर येऊन थांबत होता: या घरात माणसे किती होती, जमीन किती होती, आणि हे सांगायला कोण उरले आहे? नव्या गावांत घर मिळाले तेही कुटुंब आणि जमीन पाहून, कोणाला २५० चौरस फूट, कोणाला ४००, कोणाला ७५०. ज्याचे नाव कागदावर नव्हते त्याला ते सिद्ध करत फिरावे लागले.

म्हणून दारावर आलेल्याला उत्तर द्या. पण आंधळेपणाने देऊ नका. आलेल्या माणसाला आधी विचारा: तुम्ही कोणाकडून आलात, ओळखपत्र दाखवा, ही माहिती कशासाठी, आणि ती कोण पाहील? विचारणे हा तुमचा हक्क आहे, त्यात उद्धटपणा नाही. जनगणनेत सांगितलेली माहिती १९४८ च्या कायद्याने गुप्त ठेवावी लागते. ती तुमच्याविरुद्ध कोर्टात पुरावा म्हणून वापरता येत नाही. २०११ नंतरची जनगणना कोरोनामुळे लांबली, ती २०२७ ची म्हणून ठरली आणि तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. जनगणनेला उत्तर देणे बंधनकारक असते. संशोधनाची पाहणी मात्र वेगळी. तिथे तुमची संमती लागते, रक्त घ्यायचे असेल तर वेगळी लागते, आणि एखाद्या प्रश्नाला "हे नाही सांगायचे" असे म्हणता येते. बँकेचा पिन किंवा एटीएमचा नंबर कोणत्याही पाहणीला लागत नाही. तो मागितला तर समजा, हा मोजणारा नव्हे, लुबाडणारा आहे.

आणखी एक मागणी करायला हवी, ती आपण सहसा करत नाही. माहिती नेली, परत काय आणले? वर्षभर आशाताईने लिहिलेले आकडे ग्रामसभेत वाचून दाखवायला सांगा. आपल्या गावात वर्षात जन्म किती, गेले किती, कुपोषित किती, सापाने किती, अपघाताने किती. नावे नकोत, आकडे हवेत. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून काम केले, तिथे गावच्या बायाच आपल्या गावाची ही माहिती ठेवत आणि त्याच आपसात बसून तिच्यावर बोलत. सुरुवातीला हजार जन्मांमागे १७६ बाळे जात होती तिथे नव्वदच्या दशकात आकडा २० च्या आसपास आला. गावाने स्वतःचा आकडा पाहिला की तो दुसऱ्याचा राहत नाही.

आशाताईचेही एक सांगितले पाहिजे. तिला सरकारी नोकरासारखा पगार नाही, मानधन आणि कामाप्रमाणे मोबदला आहे, आणि तोही वेळेवर मिळतोच असे नाही. उन्हात दहा घरे हिंडून अकराव्या घरी तिला "आता नको, मग ये" असे ऐकावे लागते. वर तिने खोटे भरले तर आपणच नाव ठेवतो. दोन मिनिटे बसवून खरे सांगितले तर तिचीही दुसरी खेप वाचते.

राहिली नोंदणीची गोष्ट. जन्म आणि मृत्यू यांची नोंद करणे १९६९ च्या कायद्याने सक्तीचे आहे. २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत सांगितले तर पैसे पडत नाहीत. तीस दिवसांपर्यंत विलंब शुल्क, वर्षापर्यंत वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी, आणि वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्याचा आदेश, म्हणजे निलंग्याच्या खेटा सुरू. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलाला शाळेत घालायला, पुढे ओळखपत्राला जन्मदाखला हाच पुरावा धरतात. लेक माहेरी बाळंत झाली तर जन्माची नोंद जिथे बाळ झाले तिथेच होते, सासरच्या गावी नाही. यात फार घरांची चूक होते. बाळ एक तास जगले असले तरी जन्मही नोंदवायचा आणि मृत्यूही. दोन्ही. पोटात गेलेल्या बाळाची नोंद वेगळी असते, तीही करून घ्या.

घरी एक साधी शंभर पानी वही ठेवा. बळदात धान्य किती पडले हे आपण लिहितो, बियाण्याची पावती जपून ठेवतो, सोसायटीचा हप्ता पाठ असतो. त्याच वहीच्या मागच्या पानावर घरातल्या प्रत्येकाचे नाव, जन्मतारीख, तारीख ठाऊक नसेल तर पोलीस ॲक्शन, दुष्काळ, भूकंप यांच्या मागे-पुढे किती ते, लस कधी टोचली, कोण कधी कामाला बाहेर गेले आणि कधी परतले हे लिहीत जा. आणि सुनेशी एकदा एकटे बसून बोला. त्या मधल्या बाळाची तारीख तिला आठवत असते, महिना आणि वार सुद्धा. ती तारीखही त्या पानावर लिहा. पुढच्या वेळी आशाताई येईल तेव्हा वही तिच्यापुढे ठेवा, म्हणजे तो प्रश्न सुनेला चार माणसांत तोंडाने सांगावा लागणार नाही.